सॅम्युअल अ‍ॅडम्स : ठराव लिहिता लिहिता साम्राज्याशी भिडलेला माणूस

जुना दप्तरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मुलीकडे बोस्टनला येऊन चार महिने झाले. सकाळी ती कामाला निघाली की मीही तिच्याबरोबर पार्क स्ट्रीट स्टेशनपर्यंत येतो आणि तिथून पायी भटकतो. पायऱ्या चढून वर आलं की हाकेच्या अंतरावर ग्रॅनरी नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथे एका ओबडधोबड दगडावर पाटी बसवलीय : सॅम्युअल अ‍ॅडम्स, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, या राज्याचा गव्हर्नर. पहिल्या दिवशी वाचून पुढे गेलो. मग मुलीने ग्रंथालयातून त्याच्या पत्रव्यवहाराचे छापील खंड आणून दिले, आणि त्यात कळलं की हा माणूस १७६६ पासून मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेचा क्लार्क होता. तिथे मी थांबलो.

माझी छत्तीस वर्षांची नोकरी ग्रामसेवकाची. ग्रामसभेची नोटीस काढायची, विषयपत्रिका लावायची, गणपूर्ती मोजायची, ठराव लिहायचा, सूचक-अनुमोदकांची नावं घालायची, इतिवृत्तावर सह्या घ्यायच्या. बाहेरून हे काम कोरडं दिसतं. पण ठरावातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की पाण्याची लाईन कोणत्या आळीतून जाणार ते बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे या माणसाकडे मी त्या बाजूने बघतोय. कुणी त्याला जमाव भडकवणारा म्हणतं, कुणी क्रांतीचा जनक. मला तो सगळ्यांत आधी सभा चालवणारा माणूस दिसतो. अमेरिकेची क्रांती बंदुकीच्या आधी सभेच्या वहीत झाली, असं माझं मत होत चाललंय. ते नीट मांडून बघतो, चुकलं तर सांगा.

जन्म बोस्टनचा, सप्टेंबर १७२२. वडील चर्चचे डीकन, गावात वजनदार, आणि धंदा माल्टचा, म्हणजे बिअरसाठी जवाला मोड आणून ते भाजण्याचा. त्या काळी वसाहतीत नाण्यांचा दुष्काळ असे. शेतकऱ्याकडे जमीन असायची, हातात रोकड नसायची. म्हणून १७४० मध्ये काही लोकांनी लँड बँक काढली : जमीन तारण ठेवा, कागदी नोटा घ्या. वडील तिच्या संचालकांत होते. बोस्टनच्या बड्या व्यापाऱ्यांना ती नको होती. १७४१ मध्ये लंडनच्या संसदेने ती बेकायदा ठरवली आणि देणी संचालकांच्या खासगी मालमत्तेवर आली. वडील १७४८ मध्ये वारले तरी दावे संपले नाहीत. १७५८ मध्ये शेरीफने घरदार लिलावाला काढलं, तेव्हा सॅम्युअलने बोली लावणाऱ्यांना कोर्टात खेचण्याची धमकी देऊन तो लिलाव हाणून पाडला. समुद्रापलीकडची एक सभा, जिच्यात आपला एकही माणूस नाही, ती एका ठरावाने आपलं घर लिलावात काढू शकते, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १७४३ मध्ये हार्वर्डच्या एम.ए.साठी त्याने घेतलेला प्रश्नही बघा : राज्य वाचवण्याचा दुसरा उपाय उरला नाही तर सर्वोच्च सत्ताधीशाला विरोध करणं कायदेशीर आहे का? त्याचं उत्तर होय असं होतं.

पैशाच्या बाबतीत मात्र हा माणूस अगदीच कच्चा. वडिलांनी धंद्यासाठी हजार पौंड दिले, त्यातले निम्मे याने मित्राला उसने दिले, ते परत आले नाहीत. १७५६ मध्ये गावाने त्याला करवसुलीवर नेमलं. अडचणीतल्या माणसाकडे तगादा लावणं त्याला जमत नसे. वसुलीदार स्वतः जबाबदार धरला जाई, आणि त्याच्या नावावर सुमारे ८,००० पौंडांची थकबाकी साचली. पुढे काही रक्कम मित्रांनी भरली, उरलेली गावसभेने माफ केली. विरोधकांनी हे प्रकरण जन्मभर उगाळलं. गावाने मात्र त्याला पुनःपुन्हा निवडून दिलं.

आता मुद्द्यावर येतो. मे १७६४ मध्ये साखरेवरच्या कराची बातमी आली. बोस्टनच्या सभेने आपल्या प्रतिनिधींना लेखी सूचना द्यायचं ठरवलं आणि मसुदा अ‍ॅडम्सकडे आला. त्यात त्याने विचारलं : आमच्या व्यापारावर कर बसू शकतो, तर आमच्या जमिनींवर का नाही? जमिनीच्या पिकावर का नाही? आमच्याकडे आहे, आम्ही वापरतो त्या प्रत्येक वस्तूवर का नाही? बंदरातल्या व्यापाऱ्याचं दुखणं त्याने एका वाक्यात आतल्या शेतकऱ्याच्या दारात नेलं. मसुदा कसा लिहावा हे यावरून शिकावं.

१७६५ मध्ये स्टॅम्प कर, म्हणजे कागदपत्रांवरचा कर, आला आणि त्याच वर्षी तो विधानसभेत गेला. दुसऱ्या वर्षी क्लार्क झाला. त्याच वर्षी सभागृहात लोकांना बसून कामकाज ऐकता यावं म्हणून सज्जा झाला. १७६८ मध्ये टाऊनशेंड करांविरुद्ध इतर वसाहतींना परिपत्रक गेलं, त्याच्या मसुद्यातही मुख्य हात त्याचाच. लंडनहून हुकूम आला, परिपत्रक मागे घ्या, नाहीतर सभा बरखास्त. मतदान झालं : मागे घेऊ नये असं म्हणणारे ९२, घ्यावं म्हणणारे १७. ‘ब्याण्णव’ हा आकडाच मग गावोगाव घोषणा झाला.

त्या ऑक्टोबरात सैन्य बोस्टनमध्ये उतरलं. ५ मार्च १७७० च्या रात्री सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात एकूण पाच जण गेले. त्यांतला क्रिस्पस अ‍ॅटक्स आफ्रिकी आणि मूळनिवासी अशा दोन्ही रक्तांचा खलाशी होता. दुसऱ्या दिवशी गावसभा भरली, आणि सैन्य हलवा ही मागणी घेऊन अ‍ॅडम्स गेला. हंगामी गव्हर्नर थॉमस हचिन्सन म्हणाला, एक पलटण हलवतो. अ‍ॅडम्स सभेत परतला, सभेने एका आवाजात सांगितलं : दोन्ही, नाहीतर एकही नको. तो पुन्हा गेला, आणि दोन्ही पलटणी बेटावरच्या किल्ल्यात गेल्या. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ त्यांना ‘सॅम अ‍ॅडम्सच्या दोन पलटणी’ म्हणत असे.

आणि मग माझ्या दृष्टीने त्याचं सगळ्यांत मोठं काम. १७७०-७२ या वर्षांत चळवळ थंडावली होती. बरेचसे कर उठले होते, व्यापारी धंद्याला लागले होते, लोक कंटाळले होते. तेवढ्यात कळलं की न्यायाधीशांचे पगार आता राजाच्या खजिन्यातून होणार. २ नोव्हेंबर १७७२ ला गावसभेत अ‍ॅडम्सने ठराव मांडला : २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमावी, तिने वसाहतवाल्यांचे हक्क आणि त्यांची पायमल्ली लिहून काढावी आणि ते प्रत्येक गावाला पाठवून त्यांचं मत मागवावं. ‘मत मागवावं’ हे दोन शब्द महत्त्वाचे. सहाशे प्रती छापून गेल्या. ज्या गावांनी कधी बोस्टनशी पत्रव्यवहार केला नव्हता त्यांनी सभा भरवल्या, वाद घातले, आपले ठराव लिहिले आणि परत पाठवले. शंभराहून जास्त गावांची उत्तरं आली. एकदा एखाद्या गावाने आपल्या हाताने आपला हक्क वहीत लिहिला की ते गाव पूर्वीचं राहत नाही. हे मी खात्रीने सांगतो.

पुढचं उद्या लिहितो. इथे पहाट झाली.

शमीपर्ण

काका, फार छान लिहिताय. एक शंका. इथल्या दुकानात या नावाची बिअर मिळते, बाटलीवर चित्रही असतं. तो बिअर बनवायचा का?

जुना दप्तरी

माल्ट बनवायचा, बिअर नाही. माल्ट बनवून गाळणाऱ्यांना विकायचा, आणि तोही धंदा त्याच्या हाताने बुडाला. खरा चेहरा बघायचा तर इथल्या ललितकला संग्रहालयात कॉप्लीने १७७२ च्या सुमारास काढलेलं चित्र आहे. साधा लाल-तपकिरी कोट, एका हातात गुंडाळलेला कागद, दुसऱ्या हाताचं बोट टेबलावरच्या सनदेकडे. दोन पलटणी हलवायला सांगतानाचा प्रसंग आहे तो. मी त्या चित्रासमोर अर्धा तास बसलो होतो.

कोकणकडा

धागा आवडला, पण चित्र एकाच रंगात रंगवताय असं वाटतं, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

१४ ऑगस्ट १७६५ ला स्टॅम्प विक्रेता अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा झाडाला टांगला, त्याचं घर फोडलं. २६ ऑगस्टला त्याच हचिन्सनचं राहतं घर रात्रभरात उद्ध्वस्त केलं. दारं, भिंतींची लाकडी नक्षी, चांदी, रोकड, सगळं. वसाहतीचा इतिहास लिहिण्यासाठी त्याने तीस वर्षं जमवलेले कागद चिखलात फेकले. हचिन्सन बाहेरचा साहेब नव्हता, बोस्टनचाच होता, आणि खासगीत त्याने स्टॅम्प कराला विरोध केला होता. सभेच्या वहीमागे हा जमाव उभा होता म्हणून तर वहीला वजन आलं ना?

दुसरं, १७७३ ची पत्रं. हचिन्सनने काही वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका गृहस्थाला लिहिलेली खासगी पत्रं बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती लागली, तो तेव्हा लंडनमध्ये वसाहतीचं काम बघायचा. त्याने ती बोस्टनला पाठवताना अट घातली की नक्कल करायची नाही, छापायची नाही. अ‍ॅडम्सने ती सभागृहात वाचून दाखवली आणि मग ती छापली गेली. त्यातलं ‘ज्यांना इंग्रजी हक्क म्हणतात त्यांत काही कपात व्हायला हवी’ हे वाक्य गाजलं. पण दिलेला शब्द मोडला गेला, ते मोडलं गेलंच.

तिसरं, १७७० च्या गोळीबाराचा खटला. त्याचाच दूरचा चुलतभाऊ जॉन अ‍ॅडम्स सैनिकांच्या बाजूने उभा राहिला. कॅप्टन प्रेस्टन सुटला, सहा सैनिक सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा म्हणून अंगठ्यावर डाग दिला. इतका स्वच्छ निवाडा झाल्यावर सॅम्युअल महाशय ‘व्हिंडेक्स’ या टोपणनावाने वर्तमानपत्रात तोच खटला पुन्हा चालवत बसले. इतिवृत्त लिहिणाऱ्याला हे शोभतं का?

जुना दप्तरी

कोकणकडा साहेब, तिन्ही मुद्दे रास्त आहेत. तुम्ही काढले नसते तर ते माझ्याकडून राहून गेले असते, आणि ते बरोबर झालं नसतं.

हचिन्सनच्या घराबद्दल : दुसऱ्या दिवशी गावसभेने त्याचा निषेध केला, आणि अ‍ॅडम्सनेही तो प्रकार मान्य केला नाही. जमावाला त्याची फूस होती असा पुरावा मला सापडला नाही. पण १४ तारखेच्या मोर्चाचं त्याला कौतुक होतं हे त्याच्या लिखाणात स्पष्ट आहे. दोन्हींमध्ये बारा दिवसांचं अंतर. जमावाला कुठे थांबायचं ते सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. पुढच्या वर्षांत त्याने सभांवर, समित्यांवर इतका भर दिला त्यामागे तो ऑगस्ट असावा असं मला वाटतं.

पत्रांच्या बाबतीत मी त्याचा बचाव करणार नाही. हचिन्सनबद्दल त्याच्या मनात द्वेष होता. पलटणींच्या प्रसंगाबद्दल त्याने एका मित्राला लिहिलंय की त्या माणसाचे गुडघे थरथरताना मी पाहिले, चेहरा पांढरा पडताना पाहिला, आणि ते बघून मला आनंद झाला. ते वाचून मी खंड मिटून ठेवला होता. लिलावाला निघालेलं घर त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

अनुस्वार

चहाचं कुणीच काढलं नाही अजून! माझा जवळचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज. बोस्टनच्या पाण्यात गेलेला चहा आसामचा नव्हता, भारतातला तर नव्हताच. तो सगळा चिनी. बराचसा बोही, म्हणजे काळा चहा. भारतात चहाची लागवड सुरू व्हायला अजून साठेक वर्षं होती. पण भारताचा संबंध आहे, आणि तो चहाहून खोल आहे.

ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये बुडायला आली. बंगालची दिवाणी मिळाल्यावर अफाट नफा होणार अशी लंडनची समजूत होती. प्रत्यक्षात १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली, लष्करी खर्च वाढला, लंडनमध्ये पतपुरवठ्याचं संकट आलं आणि कंपनीच्या गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून राहिला. सरकारने १७७३ मध्ये कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि दोन कायदे केले. एक चहाचा : कंपनीने थेट अमेरिकेत चहा विकावा, बाकीचे कर माफ, पण पौंडामागे तीन पेन्स अमेरिकेत भरावेच लागतील. चहा स्वस्त होणार होता, तरीही लोक चिडले, कारण तो पिणं म्हणजे कर मान्य करणं. दुसरा कायदा आपल्या शाळेतल्या पुस्तकातला, रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट.

आता तारखा बघा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनमध्ये चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात. ६ मार्च १७७५ ला राघोबादादांचा मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह, आणि १९ एप्रिलला लेक्झिंग्टनमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी. मुंबईने परस्पर केलेला तो तह कलकत्त्याने नामंजूर केला तो याच रेग्युलेटिंग अ‍ॅक्टच्या अधिकारात, आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. पुढे फ्रेंच अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरले. नाना फडणीसांकडे सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात आधीच आलेला होता, त्यामुळे इंग्रजांचा जीव टांगणीला लागला. वडगाव, सालबाई हे सगळं त्याच जागतिक युद्धाच्या सावलीत घडलं. अ‍ॅडम्सला पुणे ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. पण एका कंपनीला वाचवण्याच्या खटपटीने दोन खंडांत काय काय केलं, ते एकत्र वाचायला हवं.

काका, त्या १६ डिसेंबरच्या सभेबद्दल तुम्ही लिहा. ती तुमच्या विषयातली आहे.

जुना दप्तरी

अनुस्वार ताई, पुरंदरच्या तहाचा हा धागा मला ठाऊक नव्हता. मनापासून आभार.

सभा अशी. डार्टमाउथ हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला आलं. नियम असा की वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. म्हणजे मुदत १७ डिसेंबरला संपणार. चहा घेणाऱ्या अडत्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते, आणि तो आता पूर्ण गव्हर्नर होता. गावसभेत मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्यांनाच मत असे. म्हणून या वेळी सभा ‘सर्व लोकांची’ म्हणून बोलावली : मजूर, शिकाऊ कारागीर, शेजारच्या गावचे लोक, कुणीही यावं. सभेची नेहमीची जागा, फॅन्युल हॉल, पुरेना, म्हणून ओल्ड साउथ चर्चमध्ये. १६ तारखेला सुमारे ५,००० माणसं होती. गावाची लोकसंख्याच सोळा हजारांच्या आसपास!

सभेने जहाजाचा मालक रॉच याला सांगितलं, गव्हर्नरकडे जा, जहाज चहासकट परत नेण्याचा परवाना माग. हचिन्सन मिल्टनच्या घरी, काही मैलांवर. भर थंडीत माणूस गेला, सभा थांबली. अंधार पडला, मेणबत्त्या लागल्या. तो परत आला आणि म्हणाला, परवाना नाकारला. तेव्हा अ‍ॅडम्स उठून म्हणाला की देश वाचवण्यासाठी ही सभा आता आणखी काही करू शकत नाही. हा ठरलेला इशारा होता असं पुष्कळ ठिकाणी छापलंय. पण लोक बाहेर पडू लागल्यावरही तो आणि इतर काही जण सभा धरून ठेवायचा प्रयत्न करत होते, अशी त्या वेळची नोंद आहे. मला त्याचं वाक्य शब्दशः खरं वाटतं. कायद्यातला शेवटचा अर्ज करून, त्याचा नकार भर सभेत नोंदवून मगच सभा संपली. चहा बुडवणाऱ्यांनी जहाजावरचं एक कुलूप तुटलं तर ते बदलून दिलं, असंही सांगतात.

शिक्षा म्हणून जून १७७४ पासून बंदर बंद झालं. गव्हर्नर म्हणून जनरल गेज आला, राजधानी सेलमला हलवली. १७ जूनला विधानसभेचं दार अ‍ॅडम्सने आतून बंद करायला लावलं आणि फिलाडेल्फियात भरणाऱ्या वसाहतींच्या काँग्रेससाठी प्रतिनिधी निवडण्याचा ठराव मांडला. एक सभासद बरं वाटत नाही म्हणून बाहेर पडला आणि त्याने गेजला खबर दिली. गेजचा सचिव सभा बरखास्तीचा हुकूम घेऊन धावत आला. दार बंद. अखेर त्याने जिन्यात उभं राहून बंद दाराला तो हुकूम वाचून दाखवला. आत पाच जणांची निवड पूर्ण झाली, मग दार उघडलं. सभा रीतसर बरखास्त झाली, पण ठरावही रीतसर होऊन गेला होता. माझ्या सगळ्या नोकरीत असा प्रसंग मी बघितला नाही, पण त्या दाराच्या आत कारकून म्हणून बसायला मला फार आवडलं असतं.

जाताना त्याच्याकडे धड कपडे नव्हते. ऑगस्टमध्ये एके दिवशी शिंपी आला आणि कुणी पाठवलं ते न सांगता माप घेऊन गेला. मग टोपीवाला, मग चांभार. गावकऱ्यांनी त्याला नवा पोशाख करून फिलाडेल्फियाला धाडलं. पुढच्या जूनमध्ये गेजने सर्वांना माफी जाहीर केली, फक्त दोघांना सोडून : सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि त्याचा साथीदार, बोस्टनचा व्यापारी जॉन हॅनकॉक.

मेघा वऱ्हाडकर

वाचतेय आणि मनापासून वाचतेय. पण स्वातंत्र्याच्या सभा चालू होत्या त्या गावात गुलाम होते ना? त्याच्या घरी?

जुना दप्तरी

होते, ताई. पहिली बायको एलिझाबेथ चेकली १७५७ मध्ये बाळंतपणानंतर गेली. त्याने १७६४ मध्ये एलिझाबेथ वेल्सशी दुसरं लग्न केलं. तिला सरी नावाची एक गुलाम बाई भेट म्हणून मिळाली होती. घराण्यात सांगत आलेली हकीकत अशी की अ‍ॅडम्स म्हणाला, माझ्या घरात गुलाम राहू शकत नाही, आली तर मुक्त होऊन येईल. सरी मुक्त झाली आणि त्यांच्याकडेच राहिली. पण राज्यातली गुलामी याने संपवली असं नाही. ती १७८० च्या राज्यघटनेतल्या ‘सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान’ या कलमाच्या आधारे गुलामांनी स्वतः कोर्टात जाऊन संपवली. मसुद्याच्या तीन जणांच्या उपसमितीत हा होता, लिहिलं मुख्यतः जॉन अ‍ॅडम्सने.

आणि एलिझाबेथबद्दल : तो वर्षानुवर्षं फिलाडेल्फियात, घर चालवायचं हिने, पैसा नाही, बोस्टन वेढ्यात. तिची तक्रार नाही म्हणून तिच्यावरचं ओझं कमी होत नाही.

रानवाटा

मी यवतमाळकडचा शेतकरी. बाकी सगळं वाचलं, आता शेजच्या बंडावर या. तिथे तुमचा हा माणूस कुणाच्या बाजूने होता?

जुना दप्तरी

रानवाटा भाऊ, या प्रश्नाची मला धास्ती होती. टाळत नाही.

युद्ध संपलं, राज्य कर्जात. कर वाढवले, तेही रोख नाण्यांत भरायचे. पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याकडे जमीन होती, रोकड नव्हती. दावे पडले, गुरं-जमिनी लिलावाला निघाल्या, माणसं कर्जापायी तुरुंगात गेली. त्यांतले कित्येक जण स्वातंत्र्याच्या युद्धात लढलेले, पगार न मिळालेले. त्यांनी काय केलं? गावसभा भरवल्या, जिल्ह्याच्या परिषदा घेतल्या, ठराव लिहिले, अर्ज पाठवले. कागदी नोटा काढा अशी मागणी केली. काही झालं नाही तेव्हा १७८६ च्या उन्हाळ्याअखेर ते जमावाने जाऊन कोर्टं बंद पाडू लागले. डॅनियल शेज हा त्यांचा एक पुढारी, म्हणून हे शेजचं बंड.

बघा, हे सगळं अ‍ॅडम्सनेच शिकवलेलं. आणि मागणी त्याच्या वडिलांची, लँड बँकेचीच.

तो त्यांच्या विरोधात गेला. १७८४ मध्येच त्याने लिहिलं होतं की आता आपलं रीतसर, घटनेप्रमाणे सरकार आहे, तेव्हा लोकसमित्या आणि जिल्हा परिषदा निरुपयोगीच नव्हे तर धोकादायक आहेत. दंगाविरोधी कायद्यामागे त्याचा हात होता. बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर सैन्य उभं राहिलं. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे तोफा डागल्या गेल्या, चार शेतकरी मेले. पकडलेल्यांना फाशी द्या, असं त्याचं मत होतं. राजाविरुद्धचं बंड माफ करता येईल, पण प्रजासत्ताकाच्या कायद्याविरुद्ध उठणारा मरणालाच पात्र, अशी त्याची भूमिका.

त्याचं तर्कशास्त्र मला कळतं. लंडनच्या संसदेत आपला माणूस नव्हता, इथे आहे. न पटलं तर पुढच्या वर्षी दुसरा निवडा. पण ज्याचं शेत या महिन्यात लिलावात जातंय त्याला पुढच्या वर्षीची निवडणूक काय कामाची, हे शेरीफला दारातून परत पाठवणाऱ्या त्याला कळायला हवं होतं. माझ्या मते ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक.

रानवाटा

स्पष्ट बोललात, आभार. आमच्याकडे बँकेची नोटीस घेऊन येणारा माणूसही गावातलाच असतो, त्याने मत कुणाला दिलं ते आम्हाला माहीत असतं. त्याने नोटीस हलकी होत नाही.

फाशी झाली का मग?

कोकणकडा

बहुतेकांना नाही. १७८७ च्या निवडणुकीत लोकांनी गव्हर्नर बोडनला पाडून हॅनकॉकला आणलं आणि त्याने शेजसकट जवळजवळ सगळ्यांना माफी दिली. दोघे फासावर गेले, त्यांच्यावर घरफोडीचा आरोप होता. म्हणजे एका अर्थाने अ‍ॅडम्सचं म्हणणं खरं ठरलं, मतपेटीने मार्ग निघाला. पण त्याला हवा होता तो मार्ग निघाला नाही.

जुना दप्तरी

कोकणकडा साहेबांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं.

शेवटचा भाग लिहितो. १७८७ च्या अखेरीस नव्या केंद्रीय राज्यघटनेचा मसुदा आला. त्याने व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली याला लिहिलं की या इमारतीत शिरताना मी उंबरठ्यालाच अडखळतो. सार्वभौम राज्यांचा संघ हवा होता, समोर दिसतंय ते एकच राष्ट्रीय सरकार. मंजुरीसाठी जानेवारी १७८८ मध्ये बोस्टनला अधिवेशन भरलं. ते चालू असतानाच त्याचा एकुलता मुलगा वारला, तोही सॅम्युअल, युद्धात सैन्याचा डॉक्टर. अधिवेशन अंत्ययात्रेसाठी थांबलं. त्याच दिवसांत शहरातल्या कारागिरांनी ग्रीन ड्रॅगन खानावळीत सभा घेऊन घटनेला पाठिंब्याचा ठराव केला आणि पॉल रिव्हिअर तो घेऊन आला. लोहार, सुतार, चांदीकाम करणारे. अ‍ॅडम्स ज्यांच्या जिवावर उभा होता ती माणसं. तो बरेच दिवस गप्प ऐकत राहिला. मग हॅनकॉकने दुरुस्त्यांची शिफारस जोडून मंजुरी देण्याची सूचना मांडली तेव्हा तो उठला आणि त्याने ती उचलून धरली. निकाल १८७ विरुद्ध १६८. दहा मतं इकडची तिकडे गेली असती तर मॅसॅच्युसेट्स बाहेर राहिलं असतं.

पुढे लेफ्टनंट गव्हर्नर, १७९३ मध्ये हॅनकॉक गेल्यावर गव्हर्नर, १७९७ मध्ये निवृत्ती. हाताला इतका कंप सुटला होता की लिहिणं सांगून करावं लागे. ज्याचं आयुष्य लेखणीवर चाललं त्याचं हे असं. म्हातारपणी आधार झाला तो मुलाच्या लष्करी सेवेच्या थकीत पैशांचा. २ ऑक्टोबर १८०३ ला ८१ व्या वर्षी गेला.

शमीपर्ण

काका, इतकं सगळं करून तो जॉर्ज वॉशिंग्टन, जेफरसन यांच्या रांगेत का येत नाही?

जुना दप्तरी

बाळा, त्याच्या काळात येत होता. जॉन अ‍ॅडम्स फ्रान्सला गेला तर लोक त्याला विचारत, ते प्रसिद्ध अ‍ॅडम्स तुम्हीच का? त्याला सांगावं लागे की ते मी नव्हे. जेफरसनने १८०१ मध्ये अध्यक्ष झाल्यावर म्हाताऱ्याला पत्र लिहिलं की भाषण तयार करताना मी स्वतःला पुनःपुन्हा विचारत होतो, हे सॅम्युअल अ‍ॅडम्सला पटेल का?

कारण जॉन अ‍ॅडम्सच्याच एका म्हातारपणच्या पत्रात आहे. फिलाडेल्फियात त्याने सॅम्युअलला हिवाळ्यात कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे शेकोटीत टाकताना पाहिलं होतं. उन्हाळ्यात शेकोटी नसे, तेव्हा तो पत्रं कात्रीने बारीक कापून खिडकीतून वाऱ्यावर सोडायचा. आपल्या निष्काळजीपणाने कुणा मित्राचा जीव जाऊ नये म्हणून. स्वतःचं दप्तर त्याने स्वतः नष्ट केलं.

पण पत्रव्यवहार समितीच्या वह्या राहिल्या. त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. गावांची उत्तरंही आहेत. पुढच्या महिन्यात मुलगी तिकडे कामाला जाणार आहे, मीही जातोय. बघायला मिळाल्या तर कोणत्या गावाने काय लिहिलं ते इथे उतरवून देईन. पश्चिमेकडच्या गावांपासून सुरुवात करतो, रानवाटा भाऊंसाठी.